फाटकाच्या अलीकडचा पहारा

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या फाटकावर कडेकोट बंदोबस्त असतो. तरीही २६/११ पूर्वी डेव्हिड हेडलीने या केंद्राचे चित्रीकरण करून ते पाकिस्तानातील सूत्रधारांच्या हाती दिले. केंद्रातील एखादा कर्मचारी फितवण्याची कामगिरीही आयएसआयच्या अधिकाऱ्याने त्याच्यावर सोपवली होती. ही कबुली त्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे दिली.

हा मूळचा दाऊद गिलानी. हेरॉइनच्या तस्करीबद्दल अमेरिकेत शिक्षा भोगलेला. २००६ मध्ये त्याने रीतसर नाव बदलले. व्हिसाच्या अर्जातील बहुतेक माहिती खोटी होती, हेही त्यानेच सांगितले. ती पडताळली कोणी? ब्राह्मणपुरीसारख्या गावात परका माणूस दिसला, की 'कुठले, कोणाकडे आलात?' हे पारावरच विचारले जाते. अमेरिकी पारपत्रापुढे मात्र आपल्या कचेऱ्यांची जीभ अडखळते!

हेडली पकडला गेल्यावर २००९ च्या अखेरीस सरकारने पर्यटकांना दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. त्रास झाला तो प्रामाणिक प्रवाशांना. २०१२ मध्ये ती अट बहुतेकांसाठी शिथिल करावी लागली. घातपातास निघालेला माणूस दोन महिने थांबायला तयार असतोच की!

विज्ञानाला दारे बंद करून चालत नाही. याच ट्रॉम्बेत कॅनडाच्या साहाय्याने 'सायरस' अणुभट्टी उभी राहिली. परदेशी शास्त्रज्ञ जरूर यावेत. परंतु पाहुण्याचे पूर्वीचे नाव, गुन्ह्यांची नोंद आणि त्याची हमी घेणारी संस्था, यांची पडताळणी त्याच्या विमानाआधी संशोधन केंद्राच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचली पाहिजे.