पेढ्यांआधी व्हिसा

अमेरिकी विद्यापीठातून पोस्टडॉकचं पत्र आलं की घरात पेढे येतात. व्हिसा कुठला, हे कोणी विचारत नाही. बहुधा तो जे-१ असतो: संशोधकाला कमाल ५ वर्षं, आणि परवानगी काढून जोडीदारालाही नोकरी. नंतर २ वर्षं मायदेशी राहण्याची अट डिसेंबर २०२४मध्ये ही अट लागू असलेल्या देशांच्या अमेरिकी कौशल्ययादीतून भारताला वगळल्याने बऱ्याच जणांची सुटली. सरकारी निधीवर जाणाऱ्यांची नाही. दुसरा पर्याय एच-१बी व्हिसाचा: तो साधारण ६ वर्षांचा, विद्यापीठांना त्यात लॉटरीही नाही. पण सप्टेंबर २०२५च्या आदेशाने परदेशातून नव्याने येणाऱ्यासाठी नोकरी देणाऱ्यावर १ लाख डॉलरचा बोजा टाकला. पोस्टडॉकसाठी एवढे पैसे कोणता विभाग मोजेल? तेव्हा होकार कळवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून व्हिसाचा प्रकार लेखी मागून घ्या.