यादीतला माणूस आणि यादीबाहेरचा माणूस

मुंबईत जागेसाठी ज्याने पायपीट केली नाही, पागडीचा आकडा ऐकून जो मुकाट्याने जिना उतरला नाही, असा वाचक आपल्या या पत्रकाला विरळाच लाभला असेल. त्यामुळे आम्ही सुटीवर घरी आलो म्हणजे आप्तेष्ट हटकून विचारतात, "तुमच्या बहारीनमध्ये तेलाचा पैसा आहे आणि माणसे थोडी आहेत. तिथे जागेची ददात ती कसली?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर दोन शब्दांत देता येत नाही. राज्याने कोणाला आपले म्हणावे, घर हे हक्काने द्यावे की मेहेरबानी म्हणून, आणि ज्यांच्या हातांनी घरे उभी राहतात त्यांनी रात्री कोठे निजावे, हे सारे या एका प्रश्नात गुंतलेले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम जमिनीचा हिशेब पाहू. बहारीनचे क्षेत्रफळ सुमारे ७८० चौरस किलोमीटर आहे. आपला रायगड जिल्हा, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडचा कुलाबा जिल्हा, त्याच्या नऊपट भरेल. या लहानशा बेटाच्या दक्षिणेकडील मोठा भाग ओसाड आहे. वस्ती बहुतांशी उत्तरेस, मनामा आणि मुहर्रक या शहरांच्या आसपास एकवटली आहे. समुद्रात भराव घालून जमीन वाढविण्याचा उद्योग मुंबईप्रमाणे तेथेही अनेक दशके चालू आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १५,०१,६३५ भरली. त्यांपैकी नागरिक ७,१२,३६२, म्हणजे निम्म्याहून कमी. उरलेले बहुतेक आमच्यासारखे, परवान्याच्या मुदतीपुरते राहणारे परदेशी आणि त्यांची कुटुंबे. हे दोन आकडे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील गोष्ट समजण्यास सोपी जाईल.

१९३२ साली तेथे तेल लागले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तेथील गोरगरीब खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. त्यांना 'बरस्ती' म्हणत. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली खोपटी ज्यांनी कोकणात पाहिली आहेत, त्यांना ती सहज डोळ्यांपुढे आणता येतील. सरकारने आखून वसविलेले पहिले मोठे नगर ईसा टाउन. ते १९६८ साली राहते झाले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहारीन स्वतंत्र झाले. १९७३ साली राज्यघटना आली, त्याच वर्षी निवडणूक होऊन राष्ट्रीय सभा निवडली गेली, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये अमीर शेख ईसा यांनी ती बरखास्त केली. वादाचे मुख्य कारण होते राज्यसुरक्षेचा कायदा, ज्याने खटल्यावाचून माणसाला अटकेत ठेवता येत होते. गृहनिर्माणाचे मंत्रालयही १९७५ सालीच स्थापन झाले. एकामुळे दुसरे घडले असे आमचे म्हणणे नाही. मात्र पुढील सत्तावीस वर्षे देशात लोकनियुक्त सभागृह नव्हते आणि त्याच काळात सरकारी घरांची सवय लोकांना लागली, एवढे खरे. १९७९ साली घरांसाठी कर्ज देणारी इस्कान बँक निघाली, १९८४ साली हमद टाउन वसले. झावळ्यांच्या झोपडीतून पक्क्या घरात, वीज आणि नळाच्या पाण्यापाशी एक अख्खी पिढी आली. हे काम लहान नव्हे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु नगरांची नावे पाहावी. ईसा टाउन, हमद टाउन आणि अलीकडचे सलमान टाउन, ही तिन्ही राजघराण्यातील पुरुषांची नावे आहेत. जे घर राजाच्या नावाने मिळते ते राजाच्या हातून मिळाले असे घेणाऱ्यास वाटू लागते. मग माणूस हक्क मागत नाही, अर्ज करतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहतो, आणि निकाल लागला म्हणजे आभार मानतो. २००२ साली नवी घटना झाली. अल्प उत्पन्नाच्या नागरिकांना घर मिळवून देण्यासाठी राज्य झटेल, असे तिच्या नवव्या कलमात नमूद आहे. त्याच वर्षी निवडणुका पुन्हा सुरू झाल्या. लोकनियुक्त सभागृहात ४० सदस्य आणि त्याच्या जोडीला राजाने नेमलेल्या शूरा सभेतही ४० सदस्य, अशी रचना ठरली. नियुक्तांच्या संमतीवाचून निवडून आलेल्यांचा कायदा पुढे सरकत नाही. अशा सभागृहातील प्रतिनिधीस गृहनिर्माणाचे धोरण बदलता येत नाही. मतदारांचे अर्ज मंत्रालयात पोहोचविणारा मध्यस्थ तेवढा तो होऊन बसतो.

प्रतीक्षायादी वाढतच गेली. २०११ नंतरच्या वर्षांत ती ५०,००० अर्जांच्या घरात पोहोचली होती आणि वीस-वीस वर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती. लग्नाच्या वर्षी अर्ज केलेल्या माणसाचा मुलगा लग्नाचा होतो तरी नंबर लागत नाही, ही गोष्ट म्हाडाच्या दारी खेटे घातलेल्यांना नवलाची वाटणार नाही. पाच वर्षांहून अधिक काळ ताटकळलेल्यास दरमहा १०० दिनार भत्ता देण्याची पद्धत सरकारने पाडली. त्याने भाड्याचा काही भार हलका होतो, परंतु नंबर लवकर लागत नाही.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. २००३ पासून सुमारे ६५ चौरस किलोमीटर सार्वजनिक जमीन खासगी हाती गेली, असा निष्कर्ष सभागृहाच्या चौकशी समितीने २०१० साली काढला. ७८० चौरस किलोमीटरांच्या देशात ६५ म्हणजे बारावा हिस्सा. एकीकडे घरासाठी जमीन नाही म्हणून यादी लांबते आणि दुसरीकडे समुद्र बुजवून निघालेल्या जमिनीवर धनिकांसाठी महाल उठतात, हे ज्याने रोज पाहिले त्याच्या मनात काय येत असेल? २०११ च्या फेब्रुवारीत लोक मनाम्याच्या मोती चौकात जमले ते प्रामुख्याने राजकीय हक्कांसाठी, हे खरे. परंतु घर, जमीन आणि नोकरी यांची खदखद त्या गर्दीमागे होती, हेही तितकेच खरे.

त्यानंतरची कथा कठोर दडपणाची आहे, तशी खर्चाचीही आहे. शेजारच्या आखाती राज्यांनी दहा वर्षांत १० अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले आणि त्यातील मोठा वाटा घरांकडे वळला. ४०,००० घरे बांधण्याची राजाज्ञा निघाली. बांधकाम झाले, यादी काही अंशी हलली. पण जुना संशय गेला नाही. शिया गावांतील लोक म्हणतात की नवी घरे वाटताना पंथ पाहिला जातो आणि नव्याने नागरिकत्व दिलेल्या परदेशीयांना झुकते माप मिळते. सरकार म्हणते की नियम सर्वांस सारखा आहे. उत्तर किनाऱ्यावरील भरावावर नवे नगर उठू लागले, तेव्हा ज्यांच्या गावांपुढचा समुद्र बुजला त्यांनी पहिला हक्क सांगितला, आणि घरे साऱ्या देशासाठी आहेत असे उत्तर त्यांना मिळाले. दोन्ही बाजूंस काही तथ्य आहे. यावर आमच्या मते उपाय एकच: वाटपाची यादी, तिचा क्रम आणि क्रम ठरविण्याचा नियम, या तिन्ही गोष्टी भिंतीवर लावाव्या. नियम खरोखर सारखा असेल तर लपविण्याचे कारण उरत नाही, आणि सारखा नसेल तर ते लोकांस कळलेच पाहिजे.

मुंबईने या बाबतीत फार मोठा आदर्श घालून दिला आहे असे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरू वाचले, पण घरे दुरुस्तीवाचून ढासळली. झोपडपट्टीवासीयांसाठी १ जानेवारी १९९५ ची आणि पुढे २००० ची तारीख ठरवून, अलीकडचे पात्र आणि पलीकडचे उपरे अशी रेघ ओढली गेली. १९८२ च्या संपात देशोधडीस लागलेल्या गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघावयास २०१२ साल उजाडले. परंतु सोडत उघड्यावर निघते, नावे वाचली जातात, आणि ज्याचे नाव आले नाही तो वर्तमानपत्रात व न्यायालयात भांडू शकतो. भांडण्याची ही सोय म्हणजे अर्धे घर होय, असे आम्ही बहारीनमध्ये राहून शिकलो.

येथवर यादीतल्या माणसाविषयी लिहिले. यादीबाहेरचा माणूस निम्म्याहून अधिक आहे, आणि त्याच्यातही दोन वर्ग आहेत. २००१ च्या कायद्याने परदेशीयांना ठराविक भागांत मालमत्ता घेण्याची मुभा मिळाली. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला समुद्रकाठी सदनिका विकत मिळते. ज्याच्यापाशी केवळ हातांचे बळ आहे तो सलमाबाद किंवा सित्राच्या कामगार छावणीत राहतो, नाहीतर जुन्या मनाम्यातील मोडकळीस आलेल्या घरात खाटेपुरती जागा भाड्याने घेतो. चार लेकरांचा बाप असला तरी तेथे त्याला 'बॅचलर' म्हणतात, कारण कुटुंब आणण्यास लागणारा किमान पगार त्याला मिळत नाही. नगरपालिकांचे सदस्य अधूनमधून मागणी करतात की या बॅचलरांना कुटुंबवस्तीतून हलवावे. कोठे हलवावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

३० जुलै २००६ रोजी मनाम्याच्या गुदैबिया भागात कामगारांच्या निवासास आग लागून १६ भारतीय मृत्युमुखी पडले. ११ जानेवारी २०१३ रोजी मुखारका भागात तशाच दाटीच्या इमारतीत १३ बांगलादेशी कामगार गेले. दोन्ही वेळा हळहळ झाली, तपासणीची घोषणा झाली. अडचण अशी की मालकाने नोंदविलेल्या कामगार निवासात निरीक्षक जाऊ शकतो, परंतु कामगारांनी आपापसांत वर्गणी काढून घेतलेल्या खोलीची कोठे नोंदच नसते. कायद्याच्या लेखी जी खोली नाही, तिला जिनाही असावा लागत नाही आणि दुसरे दारही. २०२० च्या साथीने ही दाटी सर्वांच्या डोळ्यांपुढे आणली, पण नोंदीचा प्रश्न साथीबरोबर ओसरला नाही.

येथे कोणी म्हणेल, ज्या देशाचे आपण नागरिक नाही त्याच्या कारभारात तोंड का घालावे? आक्षेप वाजवी आहे, आणि आपल्याच देशात अल्पसंख्य झालेल्या बहारीनींची धास्तीही आम्ही समजू शकतो. त्यांच्या यादीत आम्हांस नंबर नको. सरकारी घर नागरिकाचेच असावे. परंतु निजण्याच्या जागेला दुसरे दार असावे, तिची नोंद असावी आणि नोकरी सुटताच त्याच रात्री छप्पर जाऊ नये, एवढे मागण्यास नागरिकत्व लागत नाही. शिवाय हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या कारभारात जमीन कोणाला गेली हे विचारता येत नाही, त्यात खोलीत किती माणसे कोंबली हेही विचारता येत नाही. यादीतला माणूस आणि यादीबाहेरचा माणूस यांना एकमेकांचा हेवा करावयास शिकविले गेले आहे. वस्तुतः दोघांची तक्रार एकाच कचेरीच्या बंद खिडकीशी आहे.

आपले वाडवडील कुलाब्याची गावे सोडून मुंबईस आले, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांनी प्रथम कोणा नातलगाच्या खोलीतल्या कोपऱ्यात पथारी टाकली. ती खोली दाटीची होती, पण दार उघडणारा ओळखीचा होता. आज आखातात जाणाऱ्या मुलास तसे दार मिळेलच असे नाही. म्हणून वाचकांस आमची दोन मागणी आहेत. ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी करारपत्रात पगाराच्या आकड्याखाली राहण्याच्या जागेची अट काय आहे ती वाचावी, आणि ती नसेल तर सही करण्यापूर्वी विचारावी. आणि जे आधीच तेथे मुकादम, पर्यवेक्षक किंवा हिशेबनीस म्हणून चांगल्या जागी आहेत, ज्यांच्या सहीने खोलीत सहाच्या जागी बारा खाटा लागतात, त्यांनी ती सही करण्यापूर्वी एकदा त्या खोलीत जाऊन दारे मोजावी. राज्याची धोरणे बदलणे आपल्या हाती नाही. ती सही आपल्या हाती आहे.