अस्वलाचा उपास आणि आपली गाय



गाय विण्याआधी खाऊ घालून चांगली लठ्ठ करावी, म्हणजे व्याल्यावर ती अंगावरची चरबी जिरवून भरपूर दूध देईल, असा समज अनेक घरांत आहे. रानातल्या एका जनावराला हे खरोखर साधते. मग गायीला का साधत नाही, ते आज पाहू.

उत्तर अमेरिकेत आणि युरोपच्या थंड भागात तपकिरी अस्वल राहते. हिवाळ्यात तिथे बर्फ साचते, खायला काही उरत नाही. तेव्हा अस्वल गुहेत शिरून पाच-सहा महिने पडून राहते. खाणे नाही, पिणे नाही, मलमूत्रही नाही. मादी तर याच उपासात पिले देते आणि त्यांना दूधही पाजते. (आपल्या मेळघाटातले अस्वल वेगळ्या जातीचे. ते असे झोपत नाही.)

हे सारे हार्मोनमुळे घडते. हार्मोन म्हणजे ग्रंथींतून रक्तात सुटणारे निरोपे. रात्र मोठी होऊ लागली की मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ पाझरते, आणि शरीराला ऋतू बदलल्याची वर्दी मिळते. शरद ऋतूत अस्वल खात सुटते. स्वादुपिंडातले इन्सुलिन त्या अन्नाची चरबी करून साठवायला लावते. गुहेत शिरल्यावर थायरॉईडचे हार्मोन कमी होते, शरीराची भट्टी मंदावते, हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-वीसवर येतात. त्याच वेळी शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. त्यामुळे साठवलेली चरबी मोकळी होऊन जळणासारखी वापरली जाते. माणसाचे शरीर असे वागू लागले तर मधुमेह जडतो. अस्वल मात्र वसंतात उठले की पुन्हा पूर्ववत होते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात याचा अभ्यास चालतो. तिथली अस्वले मध चाटता चाटता तपासणीसाठी रक्त देतात!

आता गायीकडे वळू. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, पण भूक तितकी वाढत नाही. गायीचेही इन्सुलिन उतरते आणि चरबी सुटू लागते. इथवर अस्वलासारखेच. पण अस्वलाची भट्टी मंद असते, गायीची दुधासाठी धडधडत असते. एवढी चरबी एकदम आली की यकृताला ती पेलवत नाही. मग किटोसिस होतो. गाय खुराक टाकते, दूध आटते, श्वासाला गोडसर वास येतो. लठ्ठ गाय व्याल्यावर आणखी कमी खाते, म्हणून तिला धोका अधिक.

तेव्हा एवढे करा:

१. भाकड काळात गाय माफक अंगाची ठेवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत.

२. विण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक थोडा थोडा सुरू करा. व्याल्यावर हळूहळू वाढवा, एकदम नको.

३. व्यालेल्या गायीला चांगली वैरण आधी द्या. उन्हाळ्यात विणाऱ्या गायीसाठी कडबा व मुरघास आताच राखून ठेवा.

४. वर सांगितलेली लक्षणे दिसताच पशुवैद्यांना बोलवा. घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

अस्वलाला उपासाची तयारी निसर्गाने करून दिली आहे. गायीची तयारी आपल्यालाच करावी लागते. घरात धारेचे काम बहुधा भगिनीच पाहतात. गायीने खुराक टाकल्याचे पहिल्यांदा त्यांच्याच ध्यानात येते. त्यांनी सांगितले की ऐका!