बारीक माणसाला शुगर कशी? ‘टाइप ५’ मधुमेहाच्या निमित्ताने

‘डॉक्टर, पोरगं काटकुळं, गोड फारसं खात नाही, मग शुगर निघाली कशी?’ कोल्हापुरात हा प्रश्न नेहमी येतो. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी संबंधित मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिल्यापासून तो वाढला आहे. बातम्यांत ‘नवा आजार’ म्हटले गेले, ते बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्येच त्याचा वेगळा गट केला होता; पुरावे अपुरे म्हणून १९९९ मध्ये तो काढला.

इन्सुलिन फक्त साखर उतरवत नाही, ते शरीर बांधते. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून आईची साखर जास्त असली की बाळ स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते आणि चार किलोचे होते. उलट पोटात असताना पोषण कमी पडले, तर स्वादुपिंडाची वाढही खुंटू शकते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी जवळपास तेवढीच! पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे काटा कमी दाखवतो म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

टाइप २ मध्ये बहुधा इन्सुलिन असते, पण नीट लागू पडत नाही. टाइप ५ मध्ये ते मुळातच कमी बनते, मात्र शरीर त्याला चांगला प्रतिसाद देते. त्यामुळे मोठा डोस दिला तर साखर धोकादायक उतरू शकते. अशा रुग्णाने शेजाऱ्याचे बघून भाकरी तोडणे तर उलटेच. त्याला पोटभर, प्रथिनयुक्त जेवण हवे.

तरीही प्रत्येक बारीक रुग्ण टाइप ५ नसतो. आधी टाइप १ नाही ना, हे अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड तपासणीने बघावे लागते. तोवर चालू असलेले इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला सीपीआर किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

घरात कोणी गरोदर असेल, तर ती बारीक असली तरी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.