तारा गप्प झाला, की आपल्यालाच ऐकू येईना?

दिग्रसमध्ये रात्री लाईट गेली की तुम्ही पहिलं काय करता? शेजारी डोकावता. त्यांच्याकडे लाईट असली तर बिघाड आपल्या घरात. सगळी गल्ली अंधारात असली तर डीपीवर किंवा मेन लाईनवर काहीतरी झालंय. गप्प झालेल्या पल्सारबाबत खगोलशास्त्रज्ञही अशीच खात्री करतात.

पल्सार म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला गाभा. जेमतेम वीसेक किलोमीटर रुंद, वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त. तो गरगर फिरतो आणि त्याचा रेडिओलहरींचा झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो. तोच त्याचा ठोका. पण काही पल्सार मध्येच गप्प बसतात आणि पुन्हा सुरू होतात, हे १९७० मध्ये डोनाल्ड बॅकर यांनी दाखवलं.

मग बिघाड कुठे? जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिने युरोपातल्या दुर्बिणींसोबत तीन पल्सार एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर ऐकले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला, की बहुतेक वेळा सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदमच बंद पडतात. म्हणजे एका घराचा फ्यूज नाही, अख्खी लाईनच!

तारा फिरायचा थांबतो का? अजिबात नाही. बी१९३१+२४ हा पल्सार साधारण आठवडाभर चालू आणि महिनाभर बंद असतो. चालू असताना त्याचं फिरणं दीडपट वेगाने मंदावतं, हे २००६ मध्ये कळलं. ताऱ्यातून निघणारे विद्युतभारित कण त्याची ऊर्जा घेऊन जातात, ब्रेकसारखे. हा प्रवाह आटला की ब्रेक सैल होतो आणि रेडिओही बंद. प्रवाह अचानक का आटतो, हे कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

आता पुणे-नाशिक रेल्वेचा वाद आठवा. नारायणगावजवळून जाणाऱ्या मार्गाचा जीएमआरटीला अडथळा होईल, म्हणून तो बदलायचं ठरलं आणि जुन्नर भागात नाराजी पसरली. रेल्वेची मागणी काही चूक नाही. पण विजेची यंत्रं, मोबाईल सगळे रेडिओ गोंगाट करतात, आणि त्या गोंगाटात पल्सार गप्प आहे की ऐकूच येत नाहीये, हे सांगणं अवघड होतं. म्हणून ‘दुर्बिणीमुळे रेल्वे अडली’ असं वाचाल, तेव्हा तिथे काय ऐकलं जातंय, हेही एकदा विचारा.