कृष्णाकाठच्या घाटांची दुरुस्ती चुन्यातच व्हावी

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सातारा व सांगली

विषय : पाण्याखाली जाणाऱ्या जुन्या घाट-मंदिरांच्या दुरुस्तीचे साहित्य ठरवून देण्याबाबत.

महोदय,

वाई, मेणवली, संगम माहुली, औदुंबर व हरिपूर येथील घाटांच्या पायऱ्या पावसाळ्यात कृष्णेत बुडतात. 2019 च्या महापुरात तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. युनेस्कोच्या 2001 च्या करारानुसार किमान 100 वर्षे सतत किंवा अधूनमधून पाण्याखाली असलेले अवशेष हा पाण्याखालील सांस्कृतिक वारसा होय. भारत त्या करारात सामील नसला, तरी ही व्याख्या या घाटांना लागू पडते. बांधणाऱ्यांनाही पुराची जाण होती : वाईच्या ढोल्या गणपती मंदिराची (1762) मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची आहे.

अशा बांधकामाच्या सांध्यांत सिमेंट भरणे घातक आहे. पूर ओसरला की घाटामागच्या मातीत मुरलेले पाणी बाहेर पडू पाहते. चुन्याचा सांधा ते झिरपू देतो आणि दगडांची किंचित हालचालही सोसतो. सिमेंट वाट अडवते. मग मागचा दाब वाढून चिरे पुढे सरकतात आणि सिमेंटमधील क्षार दगडाचा पृष्ठभाग पोखरतात. चुना सावकाश घट्ट होतो व पुरात वाहून जातो, हा आक्षेप साध्या चुन्यापुरता खरा आहे. सुरखी (विटांची पूड) मिसळलेला किंवा जलीय (हायड्रॉलिक) गुणाचा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. फक्त काम पावसाळा संपताच हाती घेऊन त्याला पुरेसा अवधी द्यावा लागतो. चुना महाग पडतो, असेही म्हटले जाते. पण सिमेंटची डागडुजी पुन्हापुन्हा करण्याचा आणि निखळलेले चिरे बसवण्याचा खर्च हिशेबात धरला, तर स्वस्ताई उरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

1. पाण्याखाली जाणाऱ्या जुन्या घाट-मंदिरांच्या दुरुस्तीत सिमेंटला मनाई करावी.
2. मूळ चुन्याचे नमुने तपासूनच मिश्रण ठरवावे व निविदेत नमूद करावे.
3. दरवर्षी पुरानंतर पाहणी करून छायाचित्रांसह नोंद ठेवावी.
4. स्थानिक गवंड्यांना चुनाकामाचे प्रशिक्षण द्यावे.

पुढची निविदा निघण्यापूर्वी निर्णय व्हावा, ही नम्र विनंती. एकदा पुरात गेलेला घडीव चिरा पुन्हा मिळत नाही.

आपले,
कृष्णाकाठचे नागरिक, सातारा व सांगली जिल्हा