साखरेची दारे आणि बियाण्याची किल्ली



तोडणीआधी दोन-तीन आठवडे उसाचे पाणी तोडले की उतारा वाढतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण तोच ऊस एप्रिल-मेमध्ये महिनाभर तहानला, तर कांड्या आखूड राहतात आणि वजन मारले जाते. पाण्याचा ताण एकदा साखर देतो आणि एकदा ऊस खातो. असे का होते?

ताण बसला की झाडाची वाढ आधी थांबते, साखर बनणे नंतर. पिकलेल्या उसात ही न खर्चलेली साखर कांडीत साठते. कोवळ्या उसात मात्र कांडीच वाढत नाही, मग साठवायचे कशात? म्हणजे साखर किती बनली एवढाच प्रश्न नाही. ती कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे. हिशेब मांडणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल.

पानात बनलेली साखर मुळाकडे, खोडाकडे, दाण्याकडे आपोआप जात नाही. पेशींच्या पडद्यात तिच्यासाठी प्रथिनांची दारे असतात आणि त्या दारांचा आराखडा जनुकात असतो. असे पहिले जनुक १९९२ साली पालकात सापडले. २०१० साली अमेरिकेतील कार्नेगी संस्थेत वुल्फ फ्रॉमर यांच्या गटाने ‘स्वीट’ नावाच्या दारांचे मोठे कुळ शोधले. आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा ही नावे आमच्या पुस्तकात नव्हती. पुढे २०१६ साली मोहरीच्या कुळातील एका लहान रोपावर दिसले, की पाणी कमी पडताच पानातली यांपैकी काही जनुके जास्त काम करू लागतात आणि साखर मुळांकडे जाते. दुष्काळात झाड आधी पाणी शोधणाऱ्याला जेवू घालते. आपली रब्बी ज्वारीही कणीस भरताना ओल संपली, की ताटात साठवलेली साखर दाण्याकडे वळवते. मालदांडीवाल्याने हे शेतात पाहिले आहे.

आता कुणी म्हणेल, मग जनुक बदला आणि दुष्काळ जिंका! आम्ही म्हणतो, जरा थांबा. भाताची गोष्ट ऐका.

भातावर कडा करपा आणणारा जिवाणू मोठा लबाड आहे. तो भाताचीच स्वीट जनुके चालू करतो, दारे उघडायला लावतो आणि बाहेर आलेल्या साखरेवर पोसतो. मग हे दार कायमचे बंद करावे का? तसे केले तर परागकण नीट बनत नाहीत आणि लोंब्या पोचट राहतात, कारण तेच दार झाडालाही लागते. उपाय निघाला तो वेगळा. दार तसेच ठेवायचे, जिवाणूची किल्ली बसते तेवढीच जागा बदलायची. निसर्गाने हा बदल आधीच केला होता. ‘एक्सए १३’ या नावाने पैदासकारांनी तो साध्या संकराने सुधारित पुसा बासमती १ आणि सुधारित सांबा मसुरी या वाणांत आणला. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हेच काम जनुक संपादनाने करून दाखवले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की या ज्ञानाला भिऊन पाठ फिरवणे हा शेतकऱ्याचा घात आहे. दुसरा असा, की एका जनुकाच्या नावावर दुष्काळमुक्तीची जाहिरात करणे ही फसवणूक आहे. एक दार हलवले की दुसरीकडचा हिशेब बदलतो. कुंडीतल्या रोपाला पंधरा दिवस पाणी तोडणे वेगळे आणि माण-खटावच्या मुरमाड रानात पावसाचा खंड पडणे वेगळे.

केंद्र सरकारने २०२२ साली, बाहेरचे जनुक न घालता संपादन केलेल्या वाणांना जुन्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. त्यांतला बदल साखरेच्या दारांचा नाही, पण रस्ता मोकळा झाला आहे. त्या रस्त्याने आपल्या बांधावर काय येणार आणि कुणाच्या अटीवर येणार, हे आपण आजच विचारले पाहिजे.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा, असे आमचे मत आहे. पहिली मागणी: ताण सोसणारे म्हणून सांगितलेले प्रत्येक वाण कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात किमान तीन हंगाम तपासावे आणि फसलेले निकालही मराठीत छापावेत. दुसरी: सरकारी पैशातून होणारे संशोधन भातापुरते न ठेवता रब्बी ज्वारी, तूर आणि उसापर्यंत आणावे. तिसरी: बियाण्यामागचे पेटंट कुणाचे, हे पिशवीवर लिहावे. २००१ च्या कायद्याने आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडचे लेबल न लावता विकण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. नव्या तंत्राच्या नावाखाली त्याला हात लागता कामा नये.

आम्हाला बंदी नको आणि सक्तीही नको. माहिती हवी आणि निवड करण्याचे स्वातंत्र्य हवे. झाड दुष्काळात आपली साखर कुणाला द्यायची ते स्वतः ठरवते. आपल्या घामाची साखर कुठे जाते, हे आपण कधी ठरवणार?